उसातले रणगाडे : एका युद्धखेळाच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२४

दिवसा यंत्रमाग कारखान्यांच्या सूत-हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहायचे आणि रात्री जेवणानंतर संगणकावर रणगाड्यांच्या लढाया खेळायच्या, असा माझा क्रम गेली कित्येक वर्षे चालू आहे. संगणकाविरुद्ध खेळण्यात आता मन रमत नाही, कारण चौथ्या-पाचव्या डावानंतर तो कोणत्या रस्त्याने येणार हे पाठ होऊन जाते. आणि माणसाविरुद्ध खेळायला बसले, की बाजारातले चांगले चांगले खेळही कुठेतरी खोटे वाटू लागतात. ते नेमके कुठे, हे बाहेरून कळत नाही. म्हणून स्वतःच एक लहान खेळ लिहून पाहण्याचे ठरवले आहे आणि आजपासून त्याची ही वही.

प्रसंग म्हणून भारत-पाक युद्धातली, पंजाबच्या खेमकरण भागातील असल उत्तरची लढाई घेतली आहे. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या तीन दिवसांत पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचे पॅटन रणगाडे तिथे चालून आले आणि मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांच्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने घोड्याच्या नालासारखी बचावफळी धरून, रणगाडे उसात लपवून आणि कालव्यांचे पाणी शेतांत सोडून त्यांना अडवले. ही लढाई निवडण्यात अभिमानाचा भाग मुळीच नाही असे म्हणता येणार नाही, पण खरे कारण ऊस हे आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला बर्फातली अथवा जंगलातली लढाई पुस्तकावरून रचावी लागेल. उसाचे तसे नाही.

संपूर्ण लढाई करायची नाही. तीन किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद असा एक काल्पनिक तुकडा, एका बाजूला तेरा पॅटन आणि पायदळाची एक कंपनी, दुसऱ्या बाजूला चार सेंच्युरियन आणि तीन शर्मन रणगाडे, १०६ मिलिमीटरच्या तोफा बसवलेल्या चार जीप आणि पायदळाची एक कंपनी, एवढाच पसारा ठेवला आहे. दोन्ही खेळाडू आपापले हुकूम एकाच वेळी लिहितील, मग दोघांच्या हुकमांप्रमाणे साठ सेकंदांची लढाई एकत्र घडेल आणि त्यानंतर पुन्हा हुकूम लिहायचे. ही पद्धत माझी नव्हे. २००० साली आलेल्या ‘कॉम्बॅट मिशन’मध्ये ती होती आणि मी तिच्यावरच वाढलो.

१८ ऑगस्ट २०२४

गेले दोन आठवडे चिलखताच्या तक्त्यात गेले. पत्र्याची जाडी, त्याचा उतार, गोळा कोणत्या कोनातून बसतो, अंतराबरोबर गोळ्याची भेदकता किती घटते, हे सगळे पॅटनच्या ९० मिलिमीटर तोफेसाठी आणि सेंच्युरियनच्या वीस-पाउंडर तोफेसाठी भरले. तक्ता पाहून मन प्रसन्न झाले.

ही प्रसन्नता आज संध्याकाळी पहिल्याच डावात उतरली. समोर माझा शाळेपासूनचा मित्र होता. तो कोर्टात वकिली करतो आणि खेळातही तेच करतो. पाकिस्तानी बाजू घेऊन त्याने पहिल्या दहा मिनिटांत आपल्या पायदळाच्या कंपनीकडच्या जीप एकेक करून रस्त्याने पुढे हाकल्या. जी जीप उडाली तिच्यावरून माझी तोफ कुठे आहे ते त्याला कळले, आणि जी उडाली नाही तिने पुढचा बांध गाठला. मी म्हणालो, “अरे, त्या जीपमध्ये माणसे आहेत.” तो म्हणाला, “त्यांचे गुण वजा होतात असे कुठे लिहिले आहे, ते कलम दाखव.” शेवटच्या दोन मिनिटांत त्याने उरलेले सगळे पॅटन गावाच्या निशाणावर सरळ सोडले, एक पोचला, बाकीचे जळाले, आणि निशाण त्याच्याकडे गेल्यामुळे पडद्यावर त्याचा विजय झळकला.

चिलखताचा तक्ता मिलिमीटरपर्यंत बरोबर होता आणि लढाईतला एकही मिनिट खरा नव्हता. नियमात फट असेल तर संगणकाला ती सापडत नाही, म्हणून संगणकाविरुद्ध खेळताना खेळ खरा वाटतो. माणूस पहिल्याच संध्याकाळी त्या फटीत बोट घालतो. वकिलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याइतका स्वस्त आणि कसलेला परीक्षक मला मिळणार नाही.

२५ ऑगस्ट २०२४

गोळीबाराचे गणित तपासले. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने १९१६ साली पुस्तकरूपाने मांडलेला नियम असा आहे, की दोन्ही बाजूंना शत्रू दिसत असेल आणि प्रत्येक जण नेम धरून मारत असेल, तर तुकडीचे बळ तिच्या संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. तीस माणसांवर साठ माणसे घातली, दोघांचा नेम सारखाच धरला आणि लढाई शेवटपर्यंत चालू दिली, तर साठांतले सुमारे बावन्न उरतात. म्हणजे तीस माणसे मारायला फक्त आठ गमवावी लागतात. याउलट शत्रू दिसत नसून केवळ तो ज्या पट्ट्यात आहे त्या पट्ट्यावर गोळ्या झाडल्या जात असतील, तर साधी वजाबाकी लागू होते आणि साठांतले तीसच उरतात.

मोकळ्या रानात माझा खेळ पहिल्या नियमाच्या जवळपास चालतो. उसातही तो तसाच चालतो, आणि ते चूक आहे. उसाला मी ‘नेम तीस टक्के कमी’ एवढाच गुण दिला होता, म्हणजे ऊस जणू पातळ पत्रा आहे. उसाचे खरे काम गोळी अडवणे हे नसून वर्गाच्या नियमाला वजाबाकीवर आणणे हे आहे. जास्त संख्येने येणाऱ्याचा फायदा तिथे गिळला जातो. हे कोडमध्ये कसे आणायचे ते आकड्यांवरून सुचेना. शेतात जाऊन यावे लागेल.

८ सप्टेंबर २०२४

गणपतीसाठी मोहोळ तालुक्यात मामांकडे आलो आहे. काल प्रतिष्ठापना झाली, आज सकाळी मामेभावाला घेऊन फडात गेलो. को ८६०३२ जातीचा आडसाली ऊस आहे, डोक्यापेक्षा कितीतरी उंच. माती मात्र इथली काळी आणि खेमकरणची गाळाची, त्यामुळे चिखलाबद्दल इथून काहीही न्यायचे नाही, फक्त नजरेबद्दल न्यायचे, हे मनाशी पक्के करून गेलो होतो.

मामेभावाच्या हातात लाल टॉवेल दिला आणि सरीतून सरळ चालत जायला सांगितले. सरीच्या रेषेत तो बराच वेळ तुकड्यातुकड्यांनी दिसत राहिला. मग त्याला सऱ्या ओलांडत आडवे जायला सांगितले, तर पाचव्या-सहाव्या पावलाला टॉवेलसकट नाहीसा झाला. म्हणजे उसात नजर सगळीकडे सारखी बंद होत नाही. सरीची दिशा हीच तिथली खिडकी असते. कोणत्या शेताच्या सऱ्या कोणत्या दिशेने आहेत, हे नकाशात नोंदवणे भाग आहे, आणि बचाव करणाऱ्याने आपली तोफ सरीच्या तोंडाशी बसवावी की आडवी, हा खेळाडूने घ्यायचा निर्णय झाला.

दुसरी गोष्ट मला अपेक्षित नव्हती. मी बांधावर येऊन उभा राहिलो आणि मामेभाऊ आत चालत राहिला. तो दिसत नव्हता, पण त्याच्या डोक्यावरची वाढे हलत होती, आणि वारा पडलेला असल्यामुळे तेवढीच हलत होती. शांत उभा राहिला की खूण पुसली जाई. मामा बांधावर तंबाखू मळत हे सगळे पाहत होते. ते म्हणाले, “रानडुक्कर असंच कळतंय की. ऊस हलला की कुत्री सोडायची.” पाचटावर पाय पडल्याचा आवाज तर त्याआधीच येत होता.

खेळातला नियम यावरून असा लिहिला आहे : उसात थांबलेली तुकडी वीस मीटरच्या पलीकडून दिसत नाही, उसात हललेली तुकडी उंचावरून पाहणाऱ्याला ‘काहीतरी हलले’ एवढीच कळते, काय हलले ते कळत नाही, आणि वाऱ्याच्या दिवशी तेही कळत नाही. ‘काहीतरी’ या शब्दाला पडद्यावर फक्त एक करडा ठिपका दिला आहे. रणगाडा असो की चार शिपाई, ठिपका तोच.

२९ सप्टेंबर २०२४

आमच्या कॉलनीत लष्कराच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेशवहन दलातून, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना खेळ दाखवला. त्यांनी रणगाड्यांकडे पाहिलेच नाही. मी माउसने एका शर्मनला मागे घेतले आणि ते म्हणाले, “तू आत्ता कुणाशी बोलायलास?” मी म्हणालो, रणगाड्याशी. “कुठल्या सेटवरून? त्याने उत्तर काय दिलं?” मी गप्प.

त्यानंतरचे दीड तास मी प्रश्न विचारत होतो आणि ते सांगत होते. सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे ‘रॉजर’ आणि ‘विल्को’ यांतला फरक, जो चित्रपट पाहून माझ्या डोक्यात पार पुसला गेला होता. रॉजर म्हणजे निरोप मिळाला. विल्को म्हणजे मिळाला आणि तसे करतो. माझ्या खेळात निरोप मिळणे, समजणे आणि करणे ही तिन्ही एकच गोष्ट होती आणि ती शून्य सेकंदांत होत होती. काका म्हणाले, “सेटमध्ये खरखर असते, समोरचा घाबरलेला असतो, आणि तुला वाटतंय तो ऐकतोय. तो आधी स्वतःचं डोकं खाली घालतोय.”

ही अडचण नवी नाही, आणि तिचे उत्तरही जुने आहे. प्रशियात गेऑर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी १८१२ साली टेबलावरचा युद्धखेळ तयार केला आणि त्यांच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ साली त्याचे नियम नकाशावर आणले. नकाशा १:८००० प्रमाणाचा, एक फेरी दोन मिनिटांची, आणि दोन्ही बाजूंच्या मधे पंच. खेळाडू सोंगट्यांना हात लावत नसे. तो हुकूम लिहून पंचाकडे देई आणि तो हुकूम पुढच्या तुकडीला कधी पोचेल हे पंच अंतरावरून ठरवी. शत्रू जेवढा दिसायला हवा तेवढाच पंच टेबलावर मांडी. दोनशे वर्षांपूर्वी जे कागदाने साधले होते ते आपण पडद्यावर चकचकीत चित्रे आणताना हरवून बसलो, असे आज फार वाटले.

खेळात आता हुकमांची साखळी आहे. कंपनी कमांडरपासून रणगाड्यांच्या ट्रूपपर्यंत, म्हणजे छोट्या तुकडीपर्यंत, वायरलेसने साठ सेकंदांची एक फेरी लागते; ट्रूपला पायदळाच्या प्लाटूनशी थेट बोलता येत नाही, निरोप वर जाऊन खाली येतो आणि तीन फेऱ्या जातात. माऱ्याखाली असलेली तुकडी ‘रॉजर’ देते, ‘विल्को’ देईलच असे नाही. खेळाडूला दोन्ही उत्तरे वेगळ्या रंगांत दिसतात. काकांनी रंगांना नावे ठेवली, पण नियमाला मान डोलावली.

६ ऑक्टोबर २०२४

आज खेळ नाही, दुरुस्ती. माझ्या आणि वकिलाच्या संगणकांवर एकाच डावाचे वेगवेगळे निकाल लागत होते. माझ्याकडे पॅटन जळाला तर त्याच्याकडे तो चालतच होता. कारण दशांश अपूर्णांक निघाले : दोन यंत्रांवर शेवटच्या अंकात किंचित फरक पडे आणि तो फरक पुढे वाढत जाई. सगळी अंतरे सेंटिमीटरमध्ये आणि सगळे कोन अंशाच्या शंभराव्या भागांत, पूर्णांकांत घेतले. तेवढ्यात वीज गेली आणि इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली होती, त्यामुळे अर्धे काम पुन्हा करावे लागले.

२० ऑक्टोबर २०२४

शहरात बुद्धिबळाचा क्लास घेणाऱ्या एक मॅडम आता तिसऱ्या खेळाडू आहेत. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, की बुद्धिबळात पटावरचे सगळे दोघांना दिसते, फक्त समोरच्याच्या मनातले दिसत नाही. इथे पटही दिसत नाही, म्हणून ही विद्या वेगळी आहे आणि मला पहिले दहा डाव हरू द्या. प्रत्यक्षात त्या तीनच हरल्या.

चौथ्या डावात त्यांनी एक शंका काढली. डाव कोणाच्या संगणकावर चालवला जातो? वकिलाच्या. मग नशिबाचे फासे त्याच्याच संगणकावर पडतात. पडलेले आवडले नाहीत तर तो पुन्हा टाकत नाही कशावरून? वकिलाने आधी आक्षेप नोंदवला, मग हसत कबूल केले, की दोनदा ‘फाइल उघडली नाही’ म्हणून त्याने डाव पुन्हा चालवला होता.

उपाय हाताशी होता. प्रत्येक खेळाडू आपले हुकूम आणि एक गुप्त संख्या यांचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे मजकुरावरून काढलेला पण मजकूर उघड न करणारा सांकेतिक आकडा, आधी पाठवतो. दोन्ही ठसे पोचल्यावरच खरे हुकूम आणि खऱ्या संख्या उघड होतात, ठशाशी जुळतात की नाही ते तपासले जाते, आणि दोन संख्या मिळून फाशांचे बीज, म्हणजे ज्यावरून सगळे फासे ठरतात तो आकडा, बनते. त्यामुळे फासे कोणा एकाच्या हातात राहत नाहीत आणि समोरच्याचे हुकूम वाचून आपले बदलताही येत नाहीत. शेवटी उघड करणारा माणूस आधी निकाल पाहून गप्प बसू शकतो, ही एक फट उरते. गप्प बसलेल्याने डाव सोडला असे धरायचे, हा नियम मॅडमनीच सुचवला. वकील म्हणाला, की दिवाणी दाव्यात याला एकतर्फी हुकूमनामा म्हणतात.

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या सुट्टीत बरेच डाव झाले आणि एक फट रुंद होत गेली. बांधाजवळ दबा धरून बसलेल्या माझ्या प्लाटूनला झाडीमागे जीप दिसते. मी खेळाडू म्हणून ती पाहतो. आठशे मीटरवर, दुसऱ्या बाजूला, माझा एक रणगाडा उभा आहे. त्याला ती जीप दिसत नाही, दिसणे शक्यही नाही. तरीही मी त्याला ‘त्या झाडीवर मार’ असे सांगू शकतो, आणि तो मारतो. शिपायांना माहीत नसलेली गोष्ट माझ्या माउसमधून एका क्षणात त्यांच्या तोफेत जाते.

२००० च्या ‘कॉम्बॅट मिशन’मध्ये एकाला दिसलेले सर्वांना दिसत असे. त्याच मालिकेतल्या २००७ च्या ‘शॉक फोर्स’मध्ये प्रत्येक तुकडीची नजर वेगळी झाली, आणि ती मोठी सुधारणा होती. पण खेळाडूचा डोळा उरतोच. मी आता एवढेच केले आहे, की जागेवर आंधळा मारा करण्याचा हुकूम त्याच तुकडीला देता येईल, जिच्याकडे त्या जागेची खबर साखळीतून पोचली आहे; आणि पोचलेली खबर चौकोनाची नसून ‘विहिरीच्या उजवीकडची झाडी’ अशा खुणेची असेल. नकाशावर खूण नसेल तर सांगताही येणार नाही. परिणामी खेळाडू लढाईआधी नकाशावरच्या विहिरी, चिंचा आणि बांध यांना नावे देत बसतात, आणि काका म्हणाले, की तयारीचा निम्मा वेळ याच कामात जायचा.

जीपवरच्या १०६ मिलिमीटर तोफेचाही हिशेब याच वेळी सुधारला. ही धक्कारहित तोफ आहे, म्हणजे गोळा पुढे जाताना वायू मागून सुटतो, आणि मागे धुळीचा लोट उठतो. तिच्यावर नेम पाहण्यासाठी १२.७ मिलिमीटरची एक बंदूक जोडलेली असते; तिची खूण लक्ष्यावर बसली, की मुख्य गोळा सोडायचा. म्हणजे जीपला आधी खूण दाखवावी लागते, मग लोट दाखवावा लागतो, आणि पॅटनचा गोळा आला तर जीपला चिलखत नाही. एक-दोन गोळे मारून लगेच जागा बदलणे एवढाच तिचा बचाव. ४ ग्रेनेडिअर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी असल उत्तरला याच तोफेने जागा बदलत बदलत पॅटन टिपले आणि तिथेच ते १० सप्टेंबरला धारातीर्थी पडले; त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. लहानपणापासून ही गोष्ट धैर्याची म्हणून ऐकली होती. धुळीचा लोट खेळात आणल्यानंतर त्यातले प्रत्येक जागा बदलणे किती मोजून केलेले असेल, हे प्रथमच ध्यानात आले.

१५ डिसेंबर २०२४

मूळ दुखणे अजून तसेच आहे, आणि ते मी चार महिने टाळत आलो. साखळी आली, ऊस आला, धूळ आली, तरी वकील शेवटच्या दोन मिनिटांत सगळे पॅटन निशाणावर सोडतोच. मॅडमही सोडू लागल्या आहेत. त्यांचे म्हणणे सरळ आहे : घड्याळ संपणार आहे, उद्या नाही, मग रणगाडे वाचवून कोणासाठी ठेवायचे?

हा प्रश्न ऐकल्यावर सगळी वही मागे चाळून पाहिली. जीप एकेक करून हाकणे, शेवटची धाव, एकही तुकडी कधी माघारी न जाणे, या सगळ्या तक्रारींचे मूळ एकच आहे. खऱ्या कमांडरला आजच्या संध्याकाळनंतर उद्याची सकाळ असते, आणि त्याला भीती वाटते ती तिची. मी गुण वजा करून ही भीती आणायला पाहत होतो. पण गुणांशी माणूस घासाघीस करतो.

म्हणून डाव तीन दिवसांचा केला. ८, ९ आणि १० सप्टेंबर असे तीन दिवस, दिवसाला चाळीस मिनिटांची एक चकमक, आणि पहिल्या दिवशी गेलेला रणगाडा दुसऱ्या दिवशी नाही. निशाणे काढून टाकली. रात्र पडताना ज्याच्या ताब्यात रणभूमी असेल, त्याला तिथले बिघडलेले रणगाडे, जळलेले सोडून, ओढून नेऊन दुरुस्त करता येतील. दुसऱ्याचे तसेच राहतील. खऱ्या लढाईतही रणभूमी कोणाच्या हाती राहिली याला एवढे महत्त्व असते, त्यामागे हेही एक रोकडे कारण आहे.

१९ जानेवारी २०२५

गड्ड्याच्या जत्रेमुळे आठवडाभर कोणीही हाती लागले नाही. आज माझ्या घरी पहिला तीन दिवसांचा डाव मांडला : मॅडम आतल्या खोलीत, वकील स्वयंपाकघरात, आणि हॉलमध्ये दोन्ही बाजू दिसणाऱ्या पडद्यासमोर काका पंच म्हणून. लिव्हरपूलमध्ये १९४२ साली गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी पाणबुड्यांविरुद्धचे डावपेच शिकवण्यासाठी जमिनीवर समुद्र रंगवला होता आणि खेळणाऱ्या अधिकाऱ्यांना तो कापडी पडद्याच्या फटीतून, जहाजावरून दिसेल तेवढाच दिसत असे. आमच्याकडे कापडाऐवजी स्वयंपाकघराचे दार होते, आणि वकील पाणी प्यायच्या निमित्ताने दोनदा बाहेर आला. काकांनी दुसऱ्या वेळी त्याला तांब्याच आत नेऊन दिला.

पहिला दिवस पूर्ण झाला. दुसरा पुढच्या महिन्यात.

१६ फेब्रुवारी २०२५

आजचा डाव सविस्तर लिहून ठेवतो. मॅडमकडे पॅटन होते, वकिलाकडे बचाव. पहिल्या दिवसाअखेर मॅडमचे नऊ पॅटन उरले होते. वकिलाचे पाच रणगाडे आणि तीन जीप.

दुसऱ्या दिवसाच्या सुरुवातीलाच वकिलाने कालव्याचा बांध फोडण्याचा हुकूम दिला. मॅडम घाईने आल्या नाहीत. त्यांनी तीन पॅटन उसाच्या कडेला आणून नुसते उभे केले आणि पायदळाची एक प्लाटून सऱ्या ओलांडत आत घातली. वारा नव्हता. वकिलाच्या पडद्यावर करडा ठिपका सरकू लागला, आणि तो रणगाडा की माणसे हे त्याला कळेना. सोळाव्या मिनिटाला त्याने खबर पाठवली. ती सेंच्युरियनपर्यंत एकोणिसाव्या मिनिटाला पोचली, तोवर ठिपका थांबला होता आणि पडद्यावरून गेला होता. सेंच्युरियनने जुन्या खबरीवर विहिरीजवळच्या उसात मारा केला. तिथे कोणी नव्हते, पण तोफेचा धूर मॅडमना दिसला, आणि हूल द्यायची ती बहुधा एवढ्यासाठीच होती.

सतराव्या मिनिटाला, म्हणजे ती खबर अजून वाटेतच असताना, चिंचेखालच्या जीपने कडेच्या पॅटनवर खूण बसवली आणि गोळा सोडला. पॅटन पेटला. धुळीचा लोट उठला. शेजारच्या पॅटनने तो पाहिला आणि बुरूज वळवायला घेतला. तिसरा पॅटन तीनशे मीटर उजवीकडे होता, मधे ऊस, त्याला काहीच दिसले नाही आणि तो तसाच उभा राहिला. वकिलाने जीपला आधीच हुकूम देऊन ठेवला होता : गोळा मारताच मागच्या गाडीवाटेने हटायचे. जीप वळली, साठ मीटर गेली आणि थांबली. गाडीवाटेवर पाणी आले होते. त्याचेच पाणी, त्यानेच फोडलेल्या बांधाचे. स्वयंपाकघरातून मोठ्याने सोलापुरी शिवी ऐकू आली, आणि पुढच्या मिनिटात जीप गेली.

यानंतर जे घडले ते ऑगस्टपासून एकदाही घडले नव्हते. उरलेल्या दोन जीपना वकिलाने गोळा मारूच दिला नाही. दोन पॅटन नेमाच्या टप्प्यात येऊन गेले, काका हॉलमध्ये पुटपुटत होते, “आता मारेल, आता मारेल,” आणि त्याने मारले नाही. पाणी कुठवर आले आहे ते पाहायला प्लाटूनमधली दोन माणसे पाठवली आणि जीप कोरड्या वाटेवर सरकवून ठेवल्या. तिकडे मॅडमचे दोन पॅटन चिखलात रुतले. चौतिसाव्या मिनिटाला त्यांनी बाकीचे सहाही मागे घेतले. गाव सहाशे मीटरवर होते आणि मधे फक्त दोन शर्मन दिसत होते. मी नंतर विचारले, की शेवटच्या सहा मिनिटांत धाव का घेतली नाही. त्या म्हणाल्या, “सहा घेऊन जाऊन तीन उरले असते. तीन घेऊन मी उद्या काय करू? आणि त्या जीप कुठे गेल्या ते मला कळलेलं नव्हतं.”

रुतलेले दोन पॅटन वकिलाच्या ताब्यातल्या जमिनीवर राहिले, त्यामुळे मॅडमना ते परत मिळणार नाहीत. जेवताना कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर दोघांचा वाद रंगला. दिवस आपला झाला असे दोघेही म्हणत होते, आणि पडद्यावर मी दिवसाचा निकाल दाखवतच नसल्यामुळे तो वाद मिटवायला काही साधन नव्हते. काकांनी निकाल देण्यास नकार दिला.

२३ फेब्रुवारी २०२५

तिसऱ्या दिवसाआधी करायची कामे. पाणी सध्या सगळीकडे सारखेच, मिनिटाला चार चौकोन पसरते. उतार पाहत नाही. वकिलाची जीप ज्या गाडीवाटेवर अडकली ती नकाशात कालव्यापेक्षा उंच आहे, म्हणजे तिथे पाणी चढायलाच नको होते. हे आज सकाळी नकाशाचे आकडे तपासताना लक्षात आले. त्याला फोन करून सांगितले. जीप परत द्यावी असा त्याचा लेखी अर्ज दुपारी आला आहे. मॅडमनी हरकत घेतली आहे. काकांनी दोन्ही कागद ठेवून घेतले असून सुनावणी पुढच्या रविवारी ठेवली आहे. तोवर उताराचा कोड लिहून व्हायला हवा.